दोन डगरींवरचे विद्यार्थी

शाळेत शिकत असतानाच मुलांनी महाविद्यालयाचे विषय घ्यावेत काय, हा प्रश्न अमेरिकेत आता नवा राहिलेला नाही. मिनेसोटा राज्याने १९८५ साली कायदा करून अकरावी-बारावीच्या मुलांना सरकारी खर्चाने महाविद्यालयाचे दार उघडले. पुढे इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला. २०२२-२३ या वर्षी सुमारे २५ लाख शालेय विद्यार्थ्यांनी असा किमान एक अभ्यासक्रम घेतला. एकाच अभ्यासाचे श्रेयांक शाळा व महाविद्यालय या दोन्हीकडे धरले जातात, हे या 'दुहेरी प्रवेशा'चे मर्म होय.

त्याचा लाभ नाकारता येणार नाही. पदवीपायी झालेले कर्ज तेथील कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे फेडीत असतात. त्यातील काही भार शाळेतच उतरला तर कोणाला नको आहे? पण पैशाहूनही मोठा लाभ आहे तो आत्मविश्वासाचा. ज्या घरातून कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्या घरातील मुलाला 'हे मलाही जमते' असे सोळाव्या वर्षी कळावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. गोमंतकीयांना हे समजावून सांगावे लागू नये. कला-विज्ञानाच्या पदवीसाठी मुक्तीपूर्वी येथील मुलांना मुंबई, बेळगाव, धारवाड गाठावे लागे. १९६२ साली पणजी व मडगाव येथे महाविद्यालये निघाली. दार जवळ आले की कोण कोण आत येते, हे या भूमीने पाहिले आहे.

परंतु या नाण्याला दुसरी बाजू आहे. महाविद्यालयात मिळालेले गुण कायमचे नोंदले जातात. सोळाव्या वर्षीचे अपयश पुढे पदवीच्या दारी साक्षीला उभे राहते. कमावलेले श्रेयांक प्रत्येक विद्यापीठ मानतेच असे नाही. आणि ज्यांच्यासाठी हे दार उघडले, ती गरीब व कृष्णवर्णीय मुलेच त्यातून प्रमाणाने कमी जातात. बरेच वर्ग शाळेच्याच खोलीत, शाळेचेच शिक्षक घेतात; तेव्हा नाव महाविद्यालयाचे आणि शिकवणी शाळेची, असे होण्याचा धोका राहतो.

आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय व उच्च शिक्षण एकाच मापाने मोजण्याची सोय केल्यामुळे हा प्रश्न आपल्याही उंबरठ्यावर येणार आहे. खरे पाहता दुहेरी प्रवेश आपल्या देशात अनधिकृतपणे चालूच आहे. शाळेच्या हजेरीपटावर नाव आणि दिवसभर मुक्काम शिकवणी वर्गात! या दुहेरीपणात विद्या नाही, केवळ प्रवेशपरीक्षेची धास्ती आहे. त्यात तिसऱ्या ओझ्याची भर पडली, तर मुलांचे तारुण्य आपण वेळापत्रकात गाडून टाकू.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. ज्याला एखाद्या विषयाची खरी तहान आहे, त्याने एक किंवा दोन अभ्यासक्रम अवश्य घ्यावेत; एखादे वर्ष वाचविण्याच्या हिशेबाने मात्र कोणी घेऊ नयेत. श्रेयांक कोठे चालतील, हे पालकांनी आधी लेखी विचारून घ्यावे. फी सरकारने भरावी आणि वर्ग महाविद्यालयाच्या प्राध्यापकानेच घ्यावा. गोव्यासारख्या लहान राज्यात, जेथे शाळा व महाविद्यालय यांच्यात फारसे अंतर नाही, तेथे गोवा विद्यापीठाने भाषा, इतिहास, गणित अशा मोजक्या विषयांपासून हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नसावी. मात्र पेडणे, सत्तरी, काणकोण येथील मुलांना त्यात पहिली जागा मिळाली पाहिजे. तेवढे होत नसेल, तर हे नवे दार जुन्याच भाग्यवंतांसाठी उघडले, असेच म्हणावे लागेल.