पाठ आमची, हात आमचे, गल्ला कुणाचा?

मी गोदीत ठेकेदाराकडं पोती उचलतो. मॅट्रिक आहे, कविता लिहितो. पोत्याला त्याचं काय? गेल्या पावसाळ्यात कंबर धरली. धाकट्या बहिणीनं सतरंजीवर पालथं पाडलं, मणक्याशेजारी अंगठे रोवले, रोज व्यायाम करून घेतला. तीन आठवड्यांनी मी परत गोदीवर. बहीण फिजिओथेरपिस्ट आहे. 'नीट' देऊन साडेचार वर्षं शिकली. स्कॉलरशिप रखडली तेव्हा आईचं कानातलं गहाण पडलं.

आता हिशेब. हमालाला हिशेब येतो. तिच्या खाजगी क्लिनिकात एका वेळेचे ६०० रुपये घेतात. ती दिवसाला १४ पेशंट करते. झाले ८,४००. तिचा महिन्याचा पगार १५,०००. म्हणजे दोन दिवसांत पगार वसूल. उरलेले २४ दिवस कुणाचे? भाडं, मशिनं, वीज यांना आठ दिवस देऊन टाका. तरी १६ उरतात. मालक म्हणतो, अनुभव मिळतोय ना! आमचा मुकादम लुटतो, पण वर उपकार सांगत नाही.

आणि पाठ उघडी टाकून पडलेला पेशंट तिला विचारतो, आडनाव काय? बोटं चालतात, आडनाव टोचतं.

ही विद्या मुंबईत रुजली ती परळच्या के.ई.एम.मध्ये. १९५३ साली, महापालिकेच्या दवाखान्यात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं. म्हणजे लोकांच्या पैशानं. आज तीच विद्या शिकलेली पोरं खाजगी दारात उभी आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पत्र काढलं: फिजिओथेरपिस्टनं नावाआधी 'डॉ.' लावू नये. दुसऱ्या दिवशी पत्र मागं घेतलं. केवढा गलका झाला! मान पाहिजेच. पण 'डॉ.' लावून १५,०००च मिळणार असतील तर चूल त्या टिंबावर पेटत नाही. २०२१ चा केंद्राचा कायदा शिक्षणाचा दर्जा बघतो, नोंदणी बघतो. पगार किती, ते बघत नाही.

लोक सांगतात, स्वतःचं क्लिनिक काढ. डिपॉझिट कोण भरणार? परदेशी जा. कर्ज कोण देणार? आणि सगळे गेले तर आमच्या पाठी कोण बघणार? माझ्या दिवसाच्या मजुरीत एक वेळचा इलाज बसतो, मग पोट बसत नाही. म्हणजे इलाज करणारीला परवडत नाही, करून घेणाऱ्यालाही नाही. मधला तेवढा गब्बर.

म्हणून पोरापोरींनो, नेमणूकपत्र मागा. किमान पगार मागा. सरकारी दवाखान्यांत कायम जागा मागा, आणि जिथं ओझी उचलली जातात तिथंही मागा. त्यासाठी आम्ही हमाल तुमच्याबरोबर येऊ. माथाडींना १९६९ चा कायदा कुणी ताटात वाढला नाही, भांडून घेतला. पांढरा कोट घातला म्हणून युनियनची लाज कसली? कोटाच्या आतही घामच असतो.

बहिणीचे अंगठे आता रात्री ठणकतात. ते कोण दाबणार?