तुरीची रानातली बहीण

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, की आपला तुरीशी संबंध संपला! माझाही तेवढाच होता, परवा नरडाण्याला मामाकडे जाईपर्यंत.

नरडाणा म्हणजे मुंबई-आग्रा हायवेवर धुळ्याच्या पुढे, शिरपूरच्या अलीकडे. सुरत-भुसावळ लाइनवरचं स्टेशन. डाळगंडोरी चापायची, दोन दिवस मोबाइल बंद ठेवायचा, असा झक्कास प्लॅन होता. पण मामाचा मूड ऑफ. तुरीवर घाटे अळी आलेली. शेंगेला गोल भोक, अळी अर्धी आत, अर्धी बाहेर. दोन फवारण्या झाल्या होत्या. तिसरीला पैसे घालायचे की पीक सोडून द्यायचं, यावर मामी आणि मामा रात्री उशिरापर्यंत बोलत होते.

रविवारी मामाच्या बाइकवरून तापी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याला गेलो. वाळत चाललेल्या गवताला गुंडाळलेला एक बारीक वेल मामानं दाखवला. तीन-तीन पानं, खालून लवदार. शेंगा जेमतेम नखाएवढ्या, पण अंगावर दाट केस, जणू फरकोटच!

‘‘हाई रानतूर शे, भाऊ. तिले ना पानी, ना फवारा.’’

आणि अळी? एकाही शेंगेला भोक नव्हतं. पुण्यात परतल्यावर नेट धुंडाळलं. हिचं शास्त्रीय नाव कजानस स्कॅराबिऑइडिस, आपल्या तुरीची सख्खी नाही, पण जवळची बहीण. शेतातल्या तुरीच्या शेंगेवर चिकट रस सोडणारे केस असतात, अळीला ते उलट आवडतात म्हणे. रानतुरीचे केस आखूड, कोरडे आणि इतके दाट, की नुकती जन्मलेली अळी सालीपर्यंत पोचतच नाही. उपाशी मरते. शिवाय मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडतात, त्यामुळे मुरमाड उतारावरही हिचं मस्त चालतं. शेंग वाळली की पिळवटून तडकते आणि बी लांब उडतं. पेरायला माणूस लागतोच कशाला?

शास्त्रज्ञांचं मात्र हिच्यावाचून अडतं. २००४ मध्ये गुजरातेत जीटीएच-१ हा तुरीचा संकरित वाण आला, त्यातला नर-वंध्यत्वाचा गुण याच रानवेलीकडून घेतलेला. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या बीजपेढीतही ही जपलेली आहे. मग फरकोट सरळ मामाच्या तुरीला का चढवत नाहीत? संकर होतो, पण सोबत बारीक दाणा आणि तडकणारी शेंगही येते. ती काढून टाकायला पिढ्यान्‌पिढ्या निवड करत बसावं लागतं. तोवर टेकडीवरची मूळची झाडं टिकायला हवीत. आम्ही उभे होतो तिथून हाकेच्या अंतरावर, कुणीतरी गवत पेटवल्याचा काळा पट्टा होता.

मामानं शेवटी तिसरी फवारणी केली. उधारीवर.

मी रुमालात बांधून आणलेलं बी कुंडीत लावलं. तीन आठवडे ढिम्म! साल इतकी टणक, की आधी ओरखडा काढावा लागतो म्हणे. सध्या नेलकटर घेऊन बसलोय.