पांढरीतले धन



पिकते ती काळी आणि राहते ती पांढरी, अशी शिवाराची वाटणी आपल्या वाडवडिलांनीच करून ठेवली आहे. एका जागी पिढ्यान् पिढ्या माणसे राहिली की मातीच्या भिंती पडतात, पुन्हा उभ्या राहतात. चुलीची राख, शेण, हाडे, खापऱ्या थरावर थर साचतात आणि जागा उंच व पांढुरकी होते. पुढे साथीने, पुराने किंवा दुष्काळाने गाव उठते आणि टेकाड तेवढे मागे राहते. अगदी आपल्या डोळ्यांदेखतही गावे उठली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी आणि आसपासची गावे नव्या जागी वसली. उजनी धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की जुन्या पळसदेवचे देऊळ उघडे पडते.

अशा ओसाड जागी हल्ली हातात दांडी, दांडीच्या टोकाला थाळी आणि कानाला यंत्र लावलेली माणसे फिरताना दिसतात. हे मेटल डिटेक्टर, म्हणजे धातू शोधणारे यंत्र. "तुमच्या जुन्या वाड्याच्या जागेत धन आहे, निम्मे तुमचे निम्मे आमचे," असे म्हणत ही मंडळी दारात येतात. त्यांना होकार देण्याआधी चार गोष्टी समजून घ्या.

पहिली गोष्ट यंत्राची. थाळीत तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. खाली धातू असला तर त्यात विजेचे बारीक भोवरे उठतात, ते यंत्राला कळतात आणि यंत्र वाजते. पण ते खिळ्याला वाजते, बैलाच्या पत्रीला वाजते, विळ्याच्या तुकड्याला वाजते आणि बाटलीच्या बुचालाही वाजते. महागडे यंत्र धातू कोणता याचा अंदाज सांगते, खात्री देत नाही. सुटे नाणे साधारण वीतभर खोलीपर्यंतच सापडते. त्यातून आपली जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची. तिच्यात लोहाचे खनिज असल्यामुळे काही वेळा यंत्र नुसत्या मातीलाच वाजते. म्हणून दहा हात खोल मोहरा दिसल्या असे कोणी सांगू लागला, तर तो थापा मारतो असे खुशाल समजा.

दुसरी गोष्ट जिवाची. यंत्र वाजले नाही की पाठोपाठ बुवा येतो. धनावर राखणदार आहे, अमुक बळी द्या, तमुक पूजा घाला, असे सांगतो आणि घरातले दागिने, बियाण्याचे पैसे घेऊन जातो. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.

याहून मोठा धोका जुन्या पेवाचा. वाड्याच्या जागेत खणताना पेवाचे तोंड लागले की "इथेच हंडा असणार" म्हणून तरणाताठा मुलगा आत उडी घेतो. बंद पेवात प्राणवायू संपलेला असतो आणि जड विषारी वायू तळाशी साचलेला असतो. माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. कंदील सोडून पाहण्याची रीत आहे, पण कंदील जळत राहिला म्हणजे धोका नाही असेही नाही. म्हणून पेव लागले तर कोणीही आत उतरू नये. पोरांना लांब ठेवा, तोंडाभोवती काटेरी कुंपण करा आणि ग्रामपंचायतीला कळवा.

तिसरी गोष्ट पांढरीच्या खऱ्या मोलाची. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथल्या टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शंभरावर घरे सापडली. ते लोक जव पिकवत, नदीचे पाणी पाटाने वळवत आणि धान्य जमिनीतल्या पेवांत साठवत. म्हणजे आपल्या शेतीची ती खापरपणजोबांची पाने! ही हकीकत कळली ती जळक्या दाण्यांवरून, खापरांवरून आणि हाडांवरून. जवाच्या जळक्या दाण्याला यंत्र वाजत नाही, आणि नाण्याच्या लोभाने खड्डे पाडणारा तोच दाणा मातीत मिसळून टाकतो.

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) प्रवरेकाठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली झुडपाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला काशाचे चार पुतळे मिळाले. बैलांचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. चारही मिळून साठ किलोहून जास्त वजनाचे. मोडीत घातले असते तर भांडी झाली असती. ते वाचले आणि दायमाबादचे नाव जगभर झाले. पण ते कोणत्या थरातून निघाले याची नोंद खणताना झाली नव्हती, म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. वस्तूइतकेच मोल तिच्या जागेचे असते, ते असे.

चौथी गोष्ट कायद्याची. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली, तर काय, किती, कुठे आणि कधी सापडले हे कलेक्टरला लेखी कळवावे लागते. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करावी लागते, नाहीतर जामीन द्यावा लागतो. पुढे चौकशी होते. धन बेवारशी ठरले आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा मालकाला मिळतो. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन ती घेता येते. लपवले तर हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होतात. माहीत असून गप्प बसणारा जमीनमालकही सुटत नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागेत तर परवानगीशिवाय कुदळ लावणे हाच गुन्हा आहे.

सरळ वागण्याने तोटाच होतो असे नाही. इंग्लंडात हॉक्सन गावी १९९२ साली एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधायला त्याचा मित्र यंत्र घेऊन गेला, तर रोमन काळची सोन्या-चांदीची नाणी लागली. मित्राने थोडी नाणी काढून हात थांबवला आणि वर्दी दिली. तज्ज्ञांनी नीट खणून सुमारे पंधरा हजार नाणी काढली. बक्षीस मोठे मिळाले, ते दोघांनी वाटून घेतले. ती हातोडीसुद्धा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तेव्हा नांगराला किंवा कुदळीला काही लागले तर असे करा :

१. तिथेच थांबा, आणखी खणू नका. जागेवर खूण करा.

२. घरातल्या बायांनी नाणे किंवा भांडे चिंचेने, राखेने घासू नये. चकाकी येते, पण अक्षरे जातात.

३. सोनाराकडे नेऊ नका. तलाठ्याला सांगा आणि कलेक्टरच्या नावे अर्ज दोन प्रतींत करून पोच घ्या.

४. भाऊबंदांना त्याच दिवशी सांगा. लपवलेल्या हंड्याने फुटलेली घरे पुन्हा जुळत नाहीत.

शेवटी खताबद्दल. पांढरीची माती राखेमुळे आणि हाडांमुळे कसदार असते, म्हणून आपण ती गाड्या भरून शेतात नेतो. पण तिच्यात क्षारही असतात. माती परीक्षण केल्याशिवाय टाकली तर चांगली जमीन खारी होऊ शकते. जुने टेकाड आहे तसे राहू द्या. कसासाठी शेणखत आहे, गाळ आहे, हिरवळीचे खत आहे. ताग पेरून फुलावर येताच गाडला, तर त्या काळीतून निघणारे धन मोजायला यंत्र लागत नाही, आणि त्यात वाटा मागायला कोणी दारातही येत नाही.