जकात वेळेचीही

रमजान महिन्यात दानाचा ओघ वाढतो. जकातीचा हिशेब होतो, ईदच्या नमाजापूर्वी फितरा दिला जातो, गरजूंच्या घरी शिधा पोहोचतो. हे सारे आवश्यकच आहे. पण शिधा महिनाभर पुरतो आणि गरिबी बाराही महिने घरात असते.

अनेक घरांत ती टिकून राहते कागदांमुळे. पतीच्या निधनानंतर एखाद्या गरीब बहिणीला संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळू शकते. पण उत्पन्नाचा दाखला कोण काढणार, तहसील कार्यालयाच्या खेपा कोण घालणार? शिष्यवृत्तीची मुदत निघून जाते, रेशन कार्डावर मुलाचे नाव चढत नाही. पैशापेक्षा इथे धावपळ करणारा माणूस कमी पडतो.

कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत फकीर आणि मिस्कीन यांच्यासोबत जकात गोळा करून तिची व्यवस्था पाहणारेही आहेत. दान योग्य घरी पोहोचवणे हे मेहनतीचे काम आहे, आणि त्या मेहनतीची दखल तिथे घेतली आहे. सूरह बकरामध्ये स्वाभिमानामुळे कोणापुढे हात न पसरणाऱ्या गरजूंचा उल्लेख आहे. असे लोक दारात येत नाहीत. त्यांना शोधावे लागते.

या शोधासाठी देशात मनुष्यबळ तयार आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा देणे अपेक्षित असते. शिवाय दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर असते. मात्र हे तास अनेकदा मैदानाची सफाई, फेऱ्या आणि फोटो यांतच संपतात. तेच तास वस्तीतल्या घरोघरच्या पाहणीला, अर्ज भरून देण्याला आणि मंजुरीपर्यंतच्या पाठपुराव्याला मिळाले, तर एखाद्या घराला दरमहा आधार मिळेल. महाविद्यालये आणि मशिदींचे ट्रस्ट यांनी एकत्र बसून वस्त्या वाटून घ्याव्यात. अर्जांची यादी करताना धर्म विचारू नये, गरज विचारावी.

जकात म्हणजे संपत्तीचा चाळिसावा भाग. वर्षाचे तास ८,७६०, त्यांचा चाळिसावा भाग २१९. हा काही फिकहचा नियम नव्हे, मनाशी मांडायचा हिशेब आहे. सेवा योजना तर त्याहून कमीच मागते. यंदा जकातीची वही उघडताना आपल्या तासांचाही एक रकाना आखू या.