नाइंटीनं हात सेट होत नाही

स्पर्धेच्या दिवशी संध्याकाळी नांदेडच्या नाहीतर परभणीच्या एखाद्या पूल पार्लरबाहेर थोडा वेळ उभं राहा. एक वाक्य कानावर पडणारच. "एक नाइंटी मारून येतो, मग बघ हात कसा सेट होतो." बोलणारा पोरगा विशी-पंचविशीतला असतो. तो दारुडा नसतो. कुणी कॉलेजात शिकतो, कुणी मोबाइलच्या दुकानात कामाला असतो, घरी वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढवत नाही. लग्नाच्या वरातीतही तो बाजूला उभा राहील. पण मॅच म्हटली की क्यू आणि चॉकच्या जोडीला दारूची नाइंटीही लागतेच, हे त्यानं मनाशी पक्कं धरलेलं असतं. मोठ्या पोरांकडून ऐकलेलं, त्यांनी त्यांच्या मोठ्यांकडून ऐकलेलं. ही समजूत खोटी आहे आणि ती आमच्या पोरांचं नुकसान करते आहे, म्हणून हे लिहितो आहे.

मी पूर्णेचा. रेल्वेत आयुष्य काढलं. मीटरगेजच्या काळात शेडमध्ये क्लीनर म्हणून लागलो, फायरमन झालो, इंजिनाच्या उजव्या-डाव्या बाजूला उभं राहत राहत ड्रायव्हर झालो आणि लोको पायलट म्हणून निवृत्त झालो. पूलशी माझा संबंध पुतण्यामुळे आला. पोरगा कुठं जातो हे बघायला म्हणून गेलो आणि खेळाच्या प्रेमात पडलो. हा टवाळखोरांचा नाद आहे, असं म्हणणारे आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत. त्यांना मी सांगतो की पूलचा भाऊबंद असलेला स्नूकर हा खेळच मुळात आपल्याकडे जन्मला. 1875 साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं तो सुरू केला. पूर्णेहून अकोला, खंडवा असा जो आमचा जुना मीटरगेजचा रस्ता होता, त्याच्या पलीकडच्या टोकाला गाडी बदलली की जबलपूर. आणि स्वतंत्र भारताला कुठल्याही खेळातला पहिला जगज्जेता मिळाला तो याच हिरव्या टेबलावर. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले, 1964 मध्ये पुन्हा झाले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी ते पद तीनदा मिळवलं. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच. तेव्हा हा खेळ हलका नाही. तो हलका होतो तो पार्लरमागच्या अंधारात रिचवलेल्या प्लास्टिकच्या ग्लासामुळे.

पुतण्याची नांदेडची एक मॅच माझ्या डोळ्यांसमोर आहे. पहिल्या दोन फ्रेममध्ये त्याचा हात स्पष्ट थरथरत होता. पांढऱ्या बॉलमागे क्यूचं टोक इवलंसं वरखाली होताना मला खुर्चीतून दिसत होतं. पण त्या थरथरीसकट तो नीट खेळत होता. प्रत्येक शॉटआधी टेबलाला फेरी मारायचा, पॉकेटमागे जाऊन वाकून रेघ बघायचा, क्यूच्या टोकाला चॉक लावायचा, पवित्रा पटला नाही तर उठून पुन्हा उभा राहायचा. दोन्ही फ्रेम त्यानं घेतल्या. मग मधल्या वेळात बाहेर गेला आणि बडीशेप चघळत परत आला. हात आता खरंच स्थिर दिसत होता. पण फेरी बंद झाली. चॉक बंद झाला. आठ नंबरचा काळा बॉल कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर, पांढरा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, अशा शॉटला तो थेट वाकला आणि मारून मोकळा झाला. बॉल पॉकेटच्या जबड्यावर आपटून परत आला. नंतरच्या फ्रेमही तशाच गेल्या. येताना गाडीत म्हणाला, "काका, हात एकदम सेट होता. नशीबच फुटकं."

मला हरण्याचं काही वाटलं नाही. या वाक्याचं वाटलं. दारूनं त्याची काळजी काढून घेतली होती आणि पूल हा काळजीचा खेळ आहे. शिवाय काय गेलं हे त्याला कळलंही नव्हतं, कारण चूक ओळखणारी बुद्धी त्या ग्लासात सगळ्यात आधी बुडते.

थोडा हिशेब मांडू. पांढरा बॉल दोन मीटर लांब पाठवायचा आहे आणि दिशा फक्त एका अंशानं चुकली, तर तिथं पोहोचेपर्यंत तो साडेतीन सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. पूलचा बॉल साधारण सत्तावन्न मिलिमीटरचा. म्हणजे एका अंशात अर्ध्या बॉलहून जास्त फरक. हा अंश डोळा, मान, कोपर आणि मनगट मिळून सांभाळतात आणि त्यांचा मेळ घालणारा मेंदूचा भाग, लहान मेंदू, दारूला फार लवकर बळी पडतो. पिणाऱ्याची चाल आणि बोलणं लटपटतं ते त्याच भागामुळे. आता नाइंटीचं बघा. 90 मिलिलिटर व्हिस्कीत शुद्ध अल्कोहोल साधारण 30 ग्रॅम असतं. साठ किलोच्या पोराच्या पोटात ते रिकाम्या पोटी गेलं, तर शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची जी मर्यादा मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये आहे, ती तो सहज ओलांडतो. ज्या अवस्थेत मोटारसायकल चालवणं गुन्हा आहे, त्या अवस्थेत आपण एका अंशाची अचूकता साधू, असं हा पोरगा धरून चालतो. ते अल्कोहोल शरीराबाहेर जायला चार-पाच तास लागतात. तोवर फायनलही उरकलेली असते.

"मोठे खेळाडू पितातच की," असं मला ऐकवलं जातं. प्यायचे, खरं आहे. कॅनडाचा बिल वेर्बेनिक हा स्नूकरपटू जागतिक क्रमवारीत आठव्या क्रमांकापर्यंत गेला होता. त्याच्या हाताला आनुवंशिक कंपाचा विकार होता आणि तो दाबायला तो मॅचआधी बिअरचे सहा-सात मोठे ग्लास रिचवायचा, वर प्रत्येक फ्रेमला एक. पार्लरमधली पोरं ही गोष्ट रंगवून सांगतात, पण पुढची सांगत नाहीत. त्या विकारात दारूनं कंप काही वेळ कमी होतो, उतरली की जास्त जोरानं परत येतो आणि दर वेळी मात्रा वाढवावी लागते. वेर्बेनिकला हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातलं औषध घ्यावं लागलं. त्या औषधावर स्नूकरमध्ये बंदी आली आणि 1990 पर्यंत त्याची कारकीर्द आटोपली. 2003 मध्ये तो गेला, वय 56. उत्तर आयर्लंडचा अॅलेक्स हिगिन्स दोनदा जगज्जेता झाला, 1972 आणि 1982 साली. त्याच्यासारखा वेगवान हात क्वचितच दिसला असेल. दारूनं त्याचं काय केलं हे अख्ख्या इंग्लंडनं वर्षानुवर्षं पाहिलं आणि 2010 मध्ये तो बेलफास्टच्या घरात एकटा, हाडांचा सापळा होऊन मेला. ही दोन माणसं दारूमुळे मोठी झाली नाहीत. अंगातल्या गुणांमुळे झाली आणि तेही दारूनं पुरते फळू दिले नाहीत.

दुसरी एक गोष्ट आयोजकांनी ऐकावी. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये हान्स-गुन्नार लिल्येनवॉल या स्वीडनच्या खेळाडूनं पिस्तूल नेमबाजीआधी मन शांत करायला बिअर घेतली. दोनच घेतल्या, असं त्याचं म्हणणं. तपासणीत सापडला आणि ऑलिंपिकच्या इतिहासात उत्तेजक चाचणीत बाद झालेला तो पहिला खेळाडू ठरला. त्याच्यामुळे अख्ख्या संघाचं कांस्यपदक परत गेलं. पहिला बाद खेळाडू ताकदीच्या गोळ्यांमुळे बाद झाला नाही, धीर येण्यासाठी प्यायलेल्या बिअरमुळे झाला. 2008 साली बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सू या नेमबाजाची दोन पदकं गेली ती हात स्थिर करणाऱ्या बीटा ब्लॉकरमुळे. हे औषध बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूलच्या स्पर्धांतही निषिद्ध आहे. अल्कोहोलचं नाव मात्र जागतिक यादीतून 2018 पासून काढलं गेलं आणि ते काम एकेका खेळाच्या संघटनेवर सोपवलं गेलं. म्हणजे नियम करणं आता आपल्याच हाती आहे. मला साधा प्रश्न पडतो. दारूनं खरंच हात सुधारत असेल तर ती फसवणूक आहे. सुधारत नसेल तर मूर्खपणा आहे. दोन्हीपैकी कशासाठी तिला स्पर्धेत जागा द्यायची?

आमच्या खात्यात हा प्रश्न कधीच सुटला आहे. ड्युटीवर चढण्याआधी लॉबीत यंत्रात फुंकून दाखवायचं, उतरल्यावर पुन्हा फुंकायचं. आधी काही जणांना तो अपमान वाटला. मला कधी वाटला नाही. मागं हजार-बाराशे माणसं झोपलेली असताना माझा श्वास कुणीतरी तपासतो आहे, यात मला आधार वाटायचा.

आणि भीती आम्हालाही होती. पावसाळ्यातली रात्र, समोर काही दिसत नाही, वेग कमी ठेवायची कॉशन ऑर्डर हातात, पुढं पूल आणि त्याखाली फुगलेली नदी. हात थरथरायचे, घाम यायचा. मग करायचं काय? सिग्नल दिसला की त्याचा रंग मोठ्यानं पुकारायचा आणि असिस्टंटनं तो पुन्हा पुकारायचा. डिस्टंट, होम, स्टार्टर, एकही न सोडता. दिवसाच्या लख्ख उजेडात, रिकाम्या रस्त्यावरही पुकारायचा. रोजची सवय असली की भीतीच्या रात्री तोंड आपोआप तेच करतं, आणि तोंडानं पुकारलं की डोळा आणि हात त्याच्यामागून येतात. भीती जात नाही. ती बाजूला बसून राहते आणि काम पुढं सरकतं. पुतण्या टेबलाला मारायचा ती फेरी, तो चॉक, ते वाकून रेघ बघणं, हे त्याचं सिग्नल पुकारणंच होतं. नेमकं तेच त्यानं दारूवर सोडून दिलं.

म्हणून खेळणाऱ्या पोरांना सांगणं आहे. थरथर म्हणजे शरीर मॅचसाठी जागं झाल्याची खूण. ती जगज्जेत्यालाही होते. सरावातही प्रत्येक शॉटला तोच क्रम ठेवा, चुकला तर उठा आणि पहिल्यापासून करा. वाकण्याआधी एक श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. सरावाला मित्रांना मुद्दाम बघायला बोलवा, हरणाऱ्यानं सगळ्यांचा चहा द्यायचा असं ठरवा, म्हणजे दडपणाची सवय लागेल. शुद्धीत सराव करून मॅच पिऊन खेळण्यात आणखी एक गोम आहे. एका अवस्थेत शिकलेलं दुसऱ्या अवस्थेत नीट आठवत नाही, हे 1969 सालीच प्रयोगातून दिसलं आहे. मग पोरगा सरावालाही प्यायला लागतो आणि एक दिवस प्यायल्याशिवाय त्याला क्यू धरता येत नाही. खेळाच्या नावानं लागलेलं व्यसन घरच्यांच्या लक्षात फार उशिरा येतं.

ज्याचा हात मॅच नसतानाही, चहाचा कप धरताना थरथरतो, त्यानं डॉक्टरांना दाखवावं. त्याचं कारण थायरॉइड असेल, आनुवंशिक कंप असेल, किंवा आदल्या रात्रीची दारू असेल. आणि जो रोज भरपूर पितो, त्यानं एकाएकी आपल्या मनानं बंद करू नये. तेही डॉक्टरांच्या देखरेखीतच व्हावं, नाहीतर जिवावर बेतू शकतं.

आता पार्लरमालक आणि स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी. तुमच्यातले बहुतेक जण भले आहेत, पोरांना उधारीवर खेळू देणारे आहेत. पण "बाहेर जाऊन काय करतात ते आम्ही कसं बघणार" हे उत्तर चालायचं नाही. राज्यात दारूच्या परवान्याचं वय 25 आहे, बिअरसाठी 21. तुमच्या यादीतली पुष्कळ पोरं त्या वयाचीही नसतात. स्पर्धेच्या पत्रकावर प्रवेश फी आणि बक्षिसाच्या रकमेखाली एक ओळ छापा: दारू पिऊन आलेला खेळाडू बाद, फी परत मिळणार नाही. फुंकायचं साधं यंत्र काही हजारांत मिळतं, चार पार्लरनी मिळून एक घेतलं तरी जिल्ह्याला पुरेल. आणि नियम सगळ्यांना सारखा लावा, गेल्या वर्षीच्या विजेत्यालाही, ज्याचे वडील ओळखीचे आहेत त्यालाही. पुढच्या स्पर्धेत यंत्र घेऊन दारात बसायला माणूस मिळत नसेल तर मला बोलवा. पूर्णेहून नांदेडला यायला गाडीनं फार वेळ लागत नाही.