वेगाची हौस

कोन गांवाजवळ मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग लागतांच घरांतील चिरंजीवांस शर्यत सुचूं लागते. ती तेथें करणें म्हणजे परक्या जिवांशीं खेळ होय. हौस खरी असेल, तर आम्ही आधीं कालबद्ध रॅलीची वाट दाखवूं. तींत घरचीच मोटार चालते. नेमलेल्या ठाण्यावर उशिरां पोंचल्यास दंडगुण, आणि लवकर पोंचल्यासही! शेजारचा मार्गदर्शक हिशेबांत चुकला, कीं उत्तम सारथीही हरतो. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशननें अशा रॅली केवळ स्त्रियांसाठींही भरविल्या आहेत. तेव्हां सूनबाईंनीं चाक धरावें, वन्संनीं गणित. निव्वळ वेगच हवा असल्यास भाड्याच्या कार्टवर हात बसवावा. शिरस्त्राण सैल नसावें. स्वतःची कार्ट घेण्याचा हट्ट मात्र वर्षभर मानूं नये. तिचे टायर व दुरुस्ती घरखर्चास लवकर भिडतात.