अधिछात्रवृत्तीच्या आधीची वाट

कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविणाऱ्या विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, तर कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १८२० मध्ये त्यांनीच तेथे कृषी व उद्यानविद्या संस्था स्थापन केली. मराठीच्या कामात त्यांना कॉलेजातील पंडित वैजनाथ यांचे मोठे साहाय्य होते. परंतु ग्रंथ केरींचे म्हणून ओळखले गेले आणि वैजनाथांचे नाव अभ्यासकांपुरते उरले. ज्ञान ज्याचे तो साहाय्यक आणि प्रश्न मांडणारा तो संशोधक, अशी ती विभागणी होती.

कृषिसंशोधनात ही विभागणी अद्याप पुरती मिटलेली नाही. कोरडवाहू शेतकऱ्यांची, शेतमजुरांची आणि आदिवासी पाड्यांवरची मुले पिकाची जाण घेऊनच कृषी महाविद्यालयात येतात. त्या जाणिवेतून संशोधनाचा प्रश्न कसा घडवावा, हे मात्र त्यांना घरात सांगणारे कोणी नसते. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात. हे साहाय्य मोलाचे आहे. पण ते प्रवेशानंतर लाभते. प्रवेशापर्यंतची वाट मार्गदर्शकावाचून चालवत नाही.

ही वाट पदवीच्या वर्षांतच आखता येईल. सातव्या सत्रात कृषिदूत आणि कृषिकन्या गावात राहतात, तेव्हा खरीप ऐन भरात असतो. प्रात्यक्षिके आणि अहवाल यांबरोबरच प्रत्येकाला एक लहानसा प्रश्न द्यावा. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन दिवस प्रत्येक कामगंध सापळ्यात आठ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. गावातील चार शेतांत ती कधी ओलांडली गेली आणि त्या वेळी बोंडांत अळ्या किती होत्या, याची नोंद विद्यार्थ्याने स्वतः ठेवावी. प्राध्यापकाने दर आठवड्याला ती वही तपासावी, चुकलेली मांडणी दाखवावी आणि निष्कर्ष विद्यार्थ्याकडूनच लिहवून घ्यावा. त्या लेखनावर पहिले नाव विद्यार्थ्याचे असावे.

यासाठी नवी इमारत लागत नाही. प्राध्यापकाचा वेळ लागतो आणि तो त्याच्या कार्यभारात धरला गेला पाहिजे. विस्तार कार्यकर्त्यांनी गावातला खरा प्रश्न सुचवावा, प्रगतशील शेतकऱ्यांनी चार ओळी राखून द्याव्यात. ज्यांच्या शेतावर संशोधन होते, त्यांच्या मुलांनी केवळ माहिती पुरवीत राहू नये. प्रश्न विचारण्याचा अधिकारही त्यांच्याकडे यावा.